‘जुना चाकू, ॲल्युमिनियमची मूठ’: एका स्वस्त सौद्याची उलटतपासणी

जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या एका साइटवर पाने, पक्कड, कानस आणि मोडकी करवत यांच्या सोबतीला एक घडीचा चाकू विकायला ठेवला होता. जाहिरातीतला मजकूर एका ओळीचा: ‘जुना चाकू, ॲल्युमिनियमची मूठ, धार गेलेली.’ कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, साल नाही. किंमत इतकी कमी की चांगला धारेचा दगडसुद्धा तेवढ्यात आला नसता. जाहिरात बरेच दिवस तशीच पडून होती, कारण कंपनीच्या किंवा मॉडेलच्या नावाने शोधणाऱ्याला ती दिसणारच नव्हती.

माझा एक मित्र असले चाकू जमवतो. तो नावाने शोधत नाही. ‘जुनी हत्यारं’, ‘घरातलं सामान’ असले ढोबळ शब्द टाकतो आणि फोटो चाळत बसतो. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच त्यात गर्दी नाही. या फोटोत त्याला तीन गोष्टी दिसल्या: राखाडी मुठीवरची बारीक उठावाची नक्षी, एका टोकाजवळ ढालीच्या आकारात क्रूस, आणि किल्ल्या अडकवायची कडी नसलेलं मुठीचं टोक. स्विस सैन्याच्या जुन्या चाकूच्या या खुणा. त्याने फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, काय पडलंय!’

स्वस्त मिळालं की बहुतेक गोष्टी तिथेच संपतात. मला त्यापुढचा हिशेब मांडायचा आहे. बनायचा बंद झालेला चाकू जुन्या बाजारात मिळतो तेव्हा त्याची किंमत दोन वेगळ्या गोष्टींवर ठरते: पात्यावर कोणता शिक्का आहे, आणि पात्यात पोलाद किती उरलंय. शिक्का वाचायला क्षणभर पुरतो. उरलेल्या पोलादाचा आणि जोडकामाचा अंदाज घ्यायला मात्र नजर तयार करावी लागते, आणि सौदा खरोखर स्वस्तात पडला की नाही ते तिथेच कळतं.

चाकू कोणता

स्विस सैन्याने शिपायाला खिशातला चाकू द्यायचं ठरवलं ते १८९० च्या सुमाराला. १८८९ ची श्मिट-रुबिन रायफल सुटी करायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा आणि शिधा डब्यातून येऊ लागला होता. ही दोन्ही कामं एकाच हत्याराने व्हावीत, एवढीच अपेक्षा. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून मागवावी लागली. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि त्यांचीच कंपनी पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. दुसरा पुरवठादार डेलेमाँचा वेंगर. १९०८ पासून सैन्याची मागणी या दोघांत वाटली जाऊ लागली. त्यामुळे एकाच नमुन्याचा चाकू दोन वेगळ्या शिक्क्यांचा सापडतो.

आपल्या प्रकरणातला नमुना १९६१ चा. मिटल्यावर लांबी ९३ मिलिमीटर. आत चारच हत्यारं: मोठं पातं, आरी, डबा उघडायचं हत्यार, आणि रुंद स्क्रू ड्रायव्हरचं टोक असलेलं बाटली उघडायचं हत्यार. मुठीच्या पट्ट्या ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे वर कडक थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमच्या. जमवणारे लोक त्याला ‘ॲलॉक्स’ म्हणतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. अशी कुंडली अंगावरच घेऊन फिरणारे खिशातले चाकू थोडेच असतात.

२००८ मध्ये सैन्याने हा नमुना सोडला. त्या जागी १११ मिलिमीटरचा, एका हाताने उघडणारा, लॉक असलेला आणि दातेरी पात्याचा चाकू आला. तोवर वेंगर कंपनी २००५ मध्येच व्हिक्टोरिनॉक्सने विकत घेतली होती, आणि २०१३ मध्ये वेंगर हे नाव चाकूंवरून उतरवायचं जाहीर झालं. वेंगरच्या शिक्क्याचा १९६१ चा नमुना म्हणजे दोन्हीकडून दार बंद झालेली वस्तू. नमुना बंद आणि चाकूवरचं ते नावही बंद.

तरीही हा चाकू दुर्मीळ नाही. जवळजवळ अर्धशतक तो बनत राहिला. ‘बंद झाला’ आणि ‘मिळत नाही’ यांची गल्लत जुन्या बाजारात सर्रास होते, आणि विक्रेत्याला ती फायद्याचीच असते. शिवाय याचा सख्खा भाऊ, पायोनियर, व्हिक्टोरिनॉक्स अजून बनवते: तीच लांबी, तीच चार हत्यारं, तसल्याच पट्ट्या. फरक डोळ्यात भरतो तो कडीचा. पायोनियरला किल्ल्यांसाठी कडी असते, शिपायाच्या चाकूला नसते. फोटोत कडी नाही हे मित्राने आधी टिपलं ते यामुळेच.

पायोनियर अजून मिळतो, ही गोष्ट किंमत ठरवताना फार उपयोगाची. ज्याला फक्त वापरायचा आहे त्याच्यासाठी जुन्या शिपायाच्या चाकूची वरची मर्यादा नव्या पायोनियरची किंमत ठरवते. त्यावर दिलेला प्रत्येक पैसा शिक्क्याचा. शिक्क्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. आपण ते शिक्क्यासाठी देतोय एवढं कळलं पाहिजे.

मागणी टिकून आहे त्याचं एक कमी बोललं जाणारं कारण कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये कारण नसताना खिशात बाळगता येणारा चाकू घडीचा हवा, धार तीन इंचांच्या आत हवी, आणि न्यायालयांच्या निकालांप्रमाणे लॉक होणारं पातं त्या सवलतीत बसत नाही. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायला बंदी आहे. म्हणजे ज्या वर्षी स्विस सैन्याने लॉकवाला चाकू घेतला, त्याच वर्षी शेजारच्या देशात तसल्या चाकूची वाट अरुंद झाली. जुन्या नमुन्याला लॉक नाही आणि तो उघडायला दोन हात लागतात. सैन्याच्या दृष्टीने जे उणं होतं तेच खिशात बाळगणाऱ्याच्या पथ्यावर पडलं. प्रत्येक देशाचे नियम निराळे; घेण्याआधी आपल्या ठिकाणचे वाचलेले बरे.

फोटो मागवणं

मित्राने लगेच पैसे पाठवले नाहीत. त्याने विक्रेत्याला लिहिलं: ‘नमस्कार. मोठं पातं पूर्ण उघडून, ते मुठीला जिथे जोडलंय त्या जागेचा जवळून फोटो मिळेल का? दोन्ही बाजूंचा.’

उत्तर आलं, ‘पाठवतो. पण एवढ्या जुनाट चाकूत बघायचंय काय?’

पहिल्या फोटोत नुसतं ऊन चमकत होतं. दुसऱ्यात वेंगरचं नाव आणि खाली ८४ हे आकडे वाचता आले.

आता प्रश्न असा की विक्रेत्याला सांगायचं का? जमवणाऱ्यांच्या वर्तुळात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, किंमत लावणं विक्रेत्याचं काम, आपण फुकट शिकवणी का घ्यावी. दुसरा म्हणतो, सांगितलं नाही तर ती फसवणूक. माझं मत मधलं आहे. छापील किंमत गुपचूप मोजली तर तो व्यवहार झाला, त्यात पाप नाही. पण वस्तू ओळखली असताना ‘भंगार आहे हो, अजून थोडं कमी करा’ म्हणणं हा निर्लज्जपणा आहे. आणि समोरच्याने सरळ विचारलं तर उत्तर सरळच द्यायचं. इथे विक्रेत्याने विचारलं होतं.

मित्राने लिहिलं: ‘हा स्विस सैन्याच्या नमुन्याचा चाकू आहे, १९८४ चा. आता बनत नाही. चांगल्या अवस्थेत असला तर तुम्ही लावलेल्या किमतीपेक्षा बराच जास्तीत जातो. तुमचा कसा आहे ते अजून दोन-चार फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.’

यावर विक्रेत्याचं उत्तर मला आवडलं: ‘मग दुप्पट द्या आणि घेऊन जा. आम्हाला घर रिकामं करायचंय, याच्यामागे फिरायला वेळ नाही.’

मूळ किंमत चालू दराच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर होती. दुप्पट होऊन ती एक तृतीयांशावर आली. चालू दर म्हणजे प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचा दर. मागितलेल्या किमती बघून दर ठरवणं व्यर्थ आहे, कारण अव्वाच्या सव्वा किंमत लावलेले चाकू वर्षानुवर्षं न विकता तिथेच असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हाच भाव.

खरं सांगण्याचा एक रोकडा फायदाही झाला. विक्रेता मोकळा झाला. त्याने स्वतःहून सांगितलं की हा चाकू हत्यारांच्या पेटीत असायचा, त्याने डबे उचकटले जायचे आणि त्याला ग्राइंडरवर धार लावलेली त्याने पाहिली होती. ही तीन वाक्यं फोटोंपेक्षा मोलाची होती. जो खरेदीदार अजाण असल्याचं सोंग करतो, त्याला ही माहिती कधीच मिळत नाही.

मग उरलेले फोटो आले. चाकू मिटलेला असताना पाठीकडून, म्हणजे पात्याचं टोक मुठीच्या वर डोकावतंय का ते दिसावं म्हणून. पातं उघडं असताना बाजूने, पाठीची स्प्रिंग मुठीच्या रेषेत बसते का ते कळावं म्हणून. चाकू उजेडासमोर धरून, पट्ट्या आणि आतले थर यांत फट आहे का ते बघायला. चाकूचे थर एकत्र धरणाऱ्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या, टोकांचा अगदी जवळून. आणि पातं मिटतानाचा छोटा व्हिडिओ, आवाजासकट.

नकली असण्याची भीती इथे फारशी नव्हती. नकली माल विकणारा कंपनीचं नाव जाहिरातीत सगळ्यात आधी लिहितो. एक ओळीची बेनाव जाहिरात त्याच्या धंद्याला परवडत नाही. खरी भीती निराळी असते: दुसऱ्या चाकूचं पातं काढून बसवलेला, किंवा खोलून पुन्हा ठोकलेला चाकू. त्याचा माग रिव्हेटवर लागतो. कारखान्यातून आलेल्या रिव्हेटची टोकं एकसारखी आणि गुळगुळीत असतात. घरी ठोकलेल्या टोकावर हातोडीचे चपटे घाव आणि आजूबाजूला पट्टीवर ओरखडे दिसतात. इथे टोकं शाबूत होती.

आणखी एक इशारा. ८४ हे आकडे चाकू कधी बनला एवढंच सांगतात. तो कुणा शिपायाच्या खिशात होता, कुठल्या छावणीत गेला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘सैनिकाने वापरलेला’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याकडे शिक्क्यापलीकडचा पुरावा मागावा.

हातात आल्यावर

पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होतो. चाकू कागदात गुंडाळलेला, अंगाला तेलकट काळपट थर. पातं नखाने ओढलं तर अर्ध्यावर अडकलं; जोर लावल्यावर करकर करत उघडलं. मिटताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगने पातं स्वतःहून आत खेचून ‘टक्’ वाजायला हवं. ते झालं नाही. नवख्याला इथे वाटतं की स्प्रिंग मेली. मित्र तसं म्हणाला नाही. त्याने चाकू कोमट साबणाच्या पाण्यात धरला आणि चारही हत्यारं पाण्याखालीच पुन्हा पुन्हा उघडमिट करत राहिला. पाणी आधी राखी झालं, मग तपकिरी. दात घासायच्या जुन्या ब्रशने आतला गाळा घासला, लाकडी काडीने कोपऱ्यातली लगदी बाहेर ओढली. सांध्यातून बाहेर आलं ते सुकलेलं ग्रीस, लाकडाचा भुसा आणि कशाचे तरी धागे. चाकू पुसून, पूर्ण वाळवून प्रत्येक सांध्यात तेलाचा एकेक थेंब सोडला. मग पातं मिटवलं आणि ‘टक्’ ऐकू आला. स्प्रिंग मेलेली नव्हती, गाळात रुतली होती.

हा फरक पैशाचा आहे. घाण निघते. थकलेली स्प्रिंग बदलायची तर चाकू खोलावा लागतो, आणि हा चाकू स्क्रूवर बांधलेला नाही; सगळं रिव्हेटवर. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या लाल प्लास्टिकच्या पट्ट्या आतल्या पिनांवर दाबून बसवलेल्या असतात, त्या निघतात आणि नव्या बसतात. ॲलॉक्सच्या पट्ट्यांचं तसं नाही. रिव्हेट त्यांच्या आरपार जाऊन बाहेरून ठोकलेले असतात, पट्टी हीच चाकूची भिंत असते. पट्टी वाकली किंवा रिव्हेटपाशी चिरली तर पूर्ण चाकू उसवल्याशिवाय इलाज नाही, आणि बंद नमुन्याची तशी पट्टी आणायची कुठून?

कंपनीकडे पाठवायचा मार्ग आहे. वेंगरच्या जुन्या चाकूंची हमी व्हिक्टोरिनॉक्सने आपल्याकडे घेतली. पण हमी ही साहित्यातल्या आणि बनावटीतल्या दोषाची, वापराने झालेल्या झिजेची नव्हे. शिवाय बंद मॉडेल दुरुस्तीला गेलं की बदल्यात चालू मॉडेल मिळण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. वापरणाऱ्याला ते आवडेल. जमवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चाकू गेलाच.

आता पातं. या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

स्विस खिशातल्या चाकूंचं पोलाद मुद्दाम मध्यम कडक ठेवतात. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्यांचा कडकपणा ५६ एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) सांगते. आजकालच्या महागड्या पोलादांच्या मानाने हा आकडा कमी आहे. त्यामागे हिशेब आहे. असं पोलाद तुटण्याआधी वाकतं, गंज कमी धरतं आणि साध्या दगडावर पटकन धारेला येतं. पण जे पटकन धारेला येतं ते पटकन झिजतंही. धार लवकर जाते, म्हणून लोक वारंवार लावतात, आणि ग्राइंडरवर लावली तर एका खेपेत दगडावरच्या कित्येक खेपांइतकं पोलाद उडून जातं. वापरलेल्या शिपायाच्या चाकूची अवस्था त्याच्या वयापेक्षा त्याला धार कुणी आणि कशावर लावली यावर ठरते.

मित्राने नखाच्या खाचेपाशी पात्याची रुंदी मोजली आणि न वापरलेल्या नमुन्याच्या बाजूने काढलेल्या फोटोतल्या प्रमाणाशी ताडून बघितली. एकट्या झिजलेल्या पात्याकडे नुसतं बघून झीज कळत नाही, कारण डोळा समोर आहे तेच मूळ समजतो. रुंदीचा साधारण दहावा हिस्सा गेला होता. मुळाशी धारेची रेघ किंचित आत गेली होती, कारण ग्राइंडरचं चाक तिथे टेकून थांबतं आणि जास्त खातं. ती रेघ सरळ करायची तर उरलेल्या पात्याची रुंदी त्या खळग्याइतकी खाली आणावी लागेल. म्हणजे खड्डा बुजवायला सगळा रस्ता खणणं. त्याने तो नाद सोडला.

टोक सुदैवाने वाचलं होतं. पुष्कळ झिजलेल्या पात्याचं टोक पाठीकडे सरकतं आणि मिटल्यावर मुठीच्या वर डोकावतं. ते खिशात अडकतं, बोटाला लागतं. मग कुणीतरी शहाणा ते आत बसवण्यासाठी पात्याच्या बुडातला तो छोटा उंचवटा घासतो, ज्यावर मिटलेलं पातं टेकतं. टोक आत जातं खरं, पण आता मिटताना धार थेट स्प्रिंगवर आपटते आणि तेवढ्याच जागी बोथट होत राहते. फोटोत हे सहसा दिसत नाही. हातात आल्यावर धारेवर एकाच ठिकाणी चमकणारा बारीक ठिपका दिसला, तर समजायचं काय झालंय ते.

ग्राइंडरचं दुसरं नुकसान मात्र डोळ्याला दिसतच नाही. पाणी न मारता पातं चाकावर धरलं की धारेजवळचं पातळ पोलाद तापून मऊ पडतं. तापल्याची पिवळसर-निळी झाक नंतरच्या घासण्यात निघून जाते, मऊपणा राहतो. तपासायचा उपाय एकच: धार लावायची, वापरायचं, आणि ती किती लवकर जाते ते बघायचं. मित्राने साध्या दगडावर, दर बाजूला वीसेक अंशांनी धार लावली आणि खोक्याचा पुठ्ठा कापत बसला. आधी धार फार लवकर बसली. पुन्हा लावली, थोडं पोलाद गेलं, या खेपेला बरी टिकली. मऊ पडलेला थर पातळ होता आणि तो निघून गेला, असा आमचा अंदाज.

पात्याची आडवी हालचाल नगण्य होती. ही तपासणी फोटोवरून होतच नाही. मूठ एका हातात घट्ट धरून पातं दुसऱ्या हाताच्या चिमटीत बाजूला दाबायचं. किंचित हलणं चालतं. खडखडलं तर रिव्हेट सैल झालाय, आणि तो ठोकून आवळताना ॲलॉक्सवर घाव पडायची जोखीम असते.

बाकीचं थोडक्यात. आरी शाबूत, डबा उघडायचं हत्यार शाबूत. रुंद स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिळलेलं. डबे उचकटल्याची ती पावती. एका पट्टीवर कुणीतरी टोकदार वस्तूने दोन अक्षरं कोरली होती. जमवणाऱ्यांत यावरून वाद होतात. काही जण कोरलेल्या नावामुळे किंमत पाडतात, काहींना तेच हवं असतं. मला विचाराल तर कोरीव अक्षरं घासून घालवायचा उद्योग मात्र कुणी करू नये: ॲनोडाइझ केलेला थर ॲल्युमिनियमचं वरचं कवच असतो, तो एकदा घासला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि त्या जागी चकाकणारा डाग कायमचा राहतो. मुठीला पॉलिश मारून ‘नव्यासारखा’ केलेला ॲलॉक्स चाकू विकायला दिसला, तर मी तो सोडून देतो.

मग स्वस्त पडला का

वापरणाऱ्याच्या बाजूने बघू. पात्याचा दहावा हिस्सा गेलाय, एक हत्यार पिळलंय, बाकी यंत्रणा ठणठणीत. नव्या पायोनियरशी तुलना केली तर मित्राने त्याहून बरंच कमी मोजलं, आणि पुढची बरीच वर्षं चाकू दगडावर जपून धार लावत वापरता येईल. या बाजूने सौदा चांगला.

जमवणाऱ्याच्या बाजूने चित्र इतकं सोपं नाही. चालू दर म्हणून जो आकडा आपण धरला तो बऱ्या अवस्थेतल्या चाकूंचा होता. ग्राइंडर लागलेलं पातं, पिळलेलं टोक आणि कोरलेली अक्षरं, हे सगळं प्रामाणिकपणे लिहून आज तो विकायला काढला तर त्या दराच्या निम्म्याच्या आसपास मिळतील. मोजले होते एक तृतीयांश. फरक उरतो, पण जाहिरात बघताना जो सहापट वाटला होता तो नव्हे. आणि तेल, ब्रश, पुठ्ठा, संध्याकाळी गेलेल्या, हे कुणी धरतच नाही. माझ्या मते धरूही नये, कारण त्या संध्याकाळी मजेच्या होत्या. फक्त नफ्याची भाषा करणाऱ्याने त्या लपवू नयेत.

८४ हे साल इथे विशेष काही करत नाही. नमुन्याच्या सुरुवातीच्या काळातले, लाल पट्ट्यांचे चाकू जमवणारे जास्त शोधतात. मधल्या वर्षांचे चाकू मुख्यतः अवस्थेवर विकले जातात. अपवाद असतो तो जन्मसालाचा शिक्का शोधणाऱ्या माणसाचा. असा माणूस भेटला तर कोरलेली अक्षरंही आडवी येत नाहीत, पण त्याची वाट बघत कोणी खरेदी करू नये.

पिळलेल्या स्क्रू ड्रायव्हरवरून आमचे मतभेद झाले. मी म्हटलं, आहे तसं ठेव. तो म्हणाला, खिशात ठेवणार असेन तर कामाला आलं पाहिजे. त्याने टोक शिकंज्यात धरून सरळ करायचा विचार केला, पण आधी वाकलेलं पोलाद उलट वाकवताना तडकू शकतं म्हणून तो बेत सोडला. बारीक कानशीने, हाताने, मध्येमध्ये पाण्यात बुडवत त्याने टोक चौकोनी करून घेतलं. मिलिमीटरभर आखूड झालं. आता मित्र त्याच टोकाने स्क्रू फिरवतो.

काही काळाने तसलीच दुसरी जाहिरात त्याच्या नजरेस पडली. तोच नमुना, या वेळी व्हिक्टोरिनॉक्सचा शिक्का, पातं जवळपास कोरं, किंमत पहिल्याहून कमी. मीच त्याला म्हटलं, घेऊन टाक. त्याने उजेडासमोर धरलेला फोटो मागवला. एका टोकाला रिव्हेटजवळ पट्टी उचलली गेली होती आणि फटीतून उजेड येत होता. चाकू कशाखाली तरी दाबला गेला असावा. पातं कोरं होतं ते बहुधा त्यामुळेच: तो वापरताच येत नव्हता. मित्राने विक्रेत्याला पट्टीचा दोष कळवला, जाहिरातीत लिहायला सांगितलं, आणि पुढच्या फोटोकडे वळला.